उजव्या खांद्यावरची थाप

तामाए उराकावा चौदा-पंधरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात येत-जात होती, पण ती तिथे धड बसल्याचं मला आठवत नाही. वाडगा हातात धरून, भिंतीला पाठ लावून ती उभ्यानंच जेवायची. बोलता बोलता चवड्यांवर वर-खाली व्हायची. टोपलीतलं एखादं संत्रं उचलायची आणि छताकडे बघत दहा बोटांच्या टोकांवर ते झेलत राहायची.

"अगं, बस की जरा. खाल्लेलं अंगी तरी लागेल."

"बसते हं मावशी, एवढं होऊ दे," असं म्हणून ती दुसरं संत्रं उचलायची.

याला अपवाद फक्त दहा-बारा दिवसांचा, आणि अगदी शेवटी एका दुपारचा.

जपानमधल्या ओगाकी शहरातल्या सूतगिरणीत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख आणि व्हॉलीबॉल संघाचं जेवणखाण माझ्याकडे होतं. माझे यजमान त्याच गिरणीत यंत्रदुरुस्तीला होते. ते गेल्यावर गिरणीने मला हे काम दिलं. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर रोज सकाळी मुलींच्या रोजनिश्या तपासायच्या. "काय वाटलं ते नको, काय दिसलं ते लिहा," असं त्यांचं सांगणं असे. ती सवय पुढे सुटली नाही, म्हणून इथल्या तारखा बिनचूक आहेत.

तामाए आली ती १९६१ च्या एप्रिलमध्ये, शाळा संपवून थेट गिरणीत, पंधरा वर्षांची. दक्षिणेकडच्या आमाकुसा बेटांवरची कोळ्याची पोर. होडी, मग आगगाडी, मग दुसरी आगगाडी असं करत दोन दिवसांनी पोचली होती. आल्या आल्या तिने माझ्यासमोर वाकून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. उघडून बघते तर पतंगासारखा चपटा, कडक वाळवलेला ऑक्टोपस. तिच्या आईने पाठवलेला. दोन दिवस स्वयंपाकघराला त्याचाच वास होता.

तिला संघात घेतलं प्रशिक्षक हाचिया सरांनी. सर संघासाठी मुली शोधायला गिरणीत फिरायचे ते उंची बघत नसत, हात बघत. चात्यांवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्यांवर, ते सारखं तुटतं. फिरत्या चातीवर ते दोन बोटांनी क्षणात सांधावं लागतं. तामाए एक धागा सांधताना नजर पुढच्या धाग्यावर ठेवायची, हाताकडे बघायचीच नाही. सर अर्धा तास तिच्या मागे उभे होते. मग मुकादमाला म्हणाले, "ही बोटं मला हवीत."

"बाकीची पोरगीही घेऊन जा मग," मुकादम म्हणाला. "नुसती बोटं काढून कशी देऊ?"

अशी ती सेटर झाली. म्हणजे दुसरीने मारावा म्हणून चेंडू नेमका उचलून देणारी. टाळ्या मिळतात चेंडू मारणारीला. चेंडू नीट उचलला गेला नाही तर बोलणी मात्र सेटरला.

संघात आलेल्या प्रत्येक मुलीला थोरल्या मुली एक छोटं नाव देतात. मैदानावर ओरडायला सोपं पडावं म्हणून. 'उराकावा' म्हणेपर्यंत चेंडू जमिनीवर पडलेला असतो. हिचं नाव मित्सुयोने ठेवलं. मित्सुयो सामेशिमा तिच्याहून एका वर्षाने थोरली, खणखणीत आवाजाची, हसायला लागली की खिडकीच्या काचा वाजतील अशी.

"आईने ऑक्टोपस पाठवला, पोरीलाही आठ हात आहेत. ताको म्हणू या हिला!"

ताको म्हणजे ऑक्टोपस. पण आमच्याकडे बावळटालाही ताकोच म्हणतात.

तामाएने अगदी नम्रपणे विचारलं, "नक्की कुठल्या अर्थानं, ताई?"

"ते तुझ्या खेळावर ठरेल."

सकाळी सहा ते अडीच गिरणी, तीन ते आठ सराव. सर पेटीवर उभे राहून चेंडू फेकत आणि मुली जमिनीवर लोळण घेऊन तो उचलत. लाकडी जमिनीवर लोळून लोळून त्यांच्या कमरेची हाडं काळीनिळी व्हायची. मी त्यांच्या चड्ड्यांना आतून कापसाच्या गाद्या शिवून द्यायची. सर बोलायचे फारच कमी. वर्षातून एकदा जे सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं, ते तर ते बोलतही नसत.

मार्चच्या पहिल्या रविवारी, मोसम संपला की सगळ्या मुली मैदानावर एका रांगेत गुडघे मुडपून बसत, डोळे मिटून. सर त्यांच्या मागून चालत जात. जिचं खेळणं संपलं तिच्या उजव्या खांद्यावर ते हाताने थापटत. दोनदा. एकदाच थापटलं तर चुकून हात लागला असं वाटेल, म्हणून दोनदा. "इतकी वर्षं कष्ट घेतलेत," एवढं हलकेच म्हणून ते पुढे जात. शिट्टी झाली की बाकीच्या उठून बाहेर जायच्या. थाप मिळालेली तिथेच बसून राहायची. त्या घटकेपासून तिचं मैदानावरचं नाव गेलं. मग तिला आडनावाने हाक मारायची, कचेरीत मारतात तशी. का, कसं, कुणी विचारायचं नाही. तीही बोलायची नाही. संध्याकाळी मी बारीक लाल चवळी घालून लाल भात करायची, मंगल कार्याला करतात तसा. हाचिया सरांचा तसा हुकूमच होता. "हे काही मयत नाही," म्हणायचे.

आमच्या शाळेत सिस्टरने पाठ थोपटली तर आम्ही दिवसभर फुलून जायचो. गिरणीतल्या मुली मात्र मागून कुणाचं पाऊल वाजलं तरी दचकायच्या.

ऑलिंपिकच्या वर्षी, १९६४ मध्ये, तामाए मुख्य सेटर झाली. त्या वर्षी जपानच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं आणि जिथे बघावं तिथे बायका चेंडू घेऊन उभ्या दिसायला लागल्या. पुढच्याच वर्षी तामाएला देशाच्या संघाच्या निवडीसाठी टोकियोला बोलावणं आलं. चौथ्या दिवशी ती परत आली.

"काय गं, काय झालं?"

"उंची मोजली, मावशी. मग पुन्हा मोजली. मग चहा दिला."

तिने ते हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून ती फार सभ्यपणे दिलेला चहा कधी घेत नसे.

त्यानंतर तिला एकच गोष्ट हवी होती. आणखी एक मोसम. तो मिळाला की पुन्हा आणखी एक. घरी आईच्या जागी आता वहिनी होती. गावच्या पोस्टमनचं एक स्थळ दर वर्षी पत्रातून येत होतं आणि ती ते पत्र दर वर्षी माझ्याकडे लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवायला द्यायची. नोव्हेंबर लागला, इबुकी डोंगरावरून गार वारा सुटला की तिची तगमग सुरू व्हायची. मार्चपर्यंत ती कुणाकडे पाठ करायची नाही. न्हाणीघरात कोपऱ्यातली जागा धरायची. गाडीत सगळ्यात मागच्या बाकावर बसायची. एकदा मित्सुयोने मागून येऊन नुसता हात उगारला, तर हिने सुपाचं अख्खं पातेलं लवंडलं.

"मेले गं मी! काय हे, ताई!"

"मी कुठे शिवले तुला? तूच नाचतेस. तापलेल्या तव्यावरचा ऑक्टोपस!"

१९७० च्या मार्चमध्ये मित्सुयोलाच थाप मिळाली. शिट्टी झाल्यावर सगळ्या उठल्या आणि ती बसून राहिली. संध्याकाळी लाल भाताच्या पंगतीत तामाएने ताट पुढे केलं. "सामेशिमाताई, घ्या."

मित्सुयोने तिच्याकडे क्षणभर बघितलं. "आभारी आहे, उराकावा," ती म्हणाली.

नऊ वर्षं एका खोलीत राहिलेल्या मुली त्या. दुसऱ्या दिवशी मित्सुयो दक्षिणेला गेली, लग्नासाठी, संत्र्यांची बाग असलेल्या घरी.

दोन वर्षांनी हाचिया सरांच्या पोटाचं दुखणं वाढलं आणि त्यांच्या जागी टोकियोहून सेकिने सर आले. बत्तीस वर्षांचे, अविवाहित, चष्मेवाले, भराभर बोलणारे. हाचिया सरांनी त्यांना वह्या दिल्या, किल्ल्या दिल्या, शिट्टी दिली. थापेचं मात्र सांगितलं नाही. जे सगळ्यांना ठाऊकच आहे ते काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार.

सेकिने सरांनी रुरिको नावाच्या एकोणीस वर्षांच्या उंच मुलीला सेटर केलं आणि तामाएला बाकावर बसवलं. तामाए सव्वीस वर्षांची होती. थंडीत तिचा उजवा खांदा आखडायचा, ती घाईघाईने मोहरीचा लेप लावायची आणि कुणी बघण्याआधी पुसून टाकायची. तो मोसम संघाला वाईटच गेला. शेवटून दुसरे. फेब्रुवारीत खालच्या गटातल्या पहिल्या संघाशी सामना होणार होता. जिंकलो तर वर राहू, हरलो तर खाली. खाली गेलेले संघ गिरण्या बंदच करून टाकतात, हे मुलींना ठाऊक होतं.

२८ जानेवारी १९७३, रविवार. आमच्याच मैदानावर लीगचा सामना. बाहेर बर्फ. पाचवा सेट, आम्ही बारा, समोरच्या तेरा. मी बाकामागे सातूच्या चहाची किटली घेऊन उभी होते. सेकिने सर धावत बाकामागे आले आणि त्यांनी तामाएच्या उजव्या खांद्यावर हात आपटला. एकदा. दोनदा. "उराकावा," ते म्हणाले, आणि तेवढ्यात समोरच्या मुलीची सर्व्हिस जाळ्यात गेली. सर ओरडत परत पुढे धावले. पुढचे तीनही गुण आमचे. पंधरा-तेरा.

बाकावरच्या मुली टुणकन उठल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मागे वळून बघतात तर तामाए बसलेली. दोन्ही हात मांडीवर. त्या एकेक करून गप्प झाल्या. रुरिको मैदानातून धावत आली, "ताकोताई, जिंक..." आणि तिचाही आवाज तिथेच थांबला.

त्या तारखेला माझ्या वहीत आहे: "बर्फ. १५–१३. ताकोला थाप मिळाली." मी दोन्ही थापा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

मार्च नव्हता, सर ते ठरलेले शब्दही बोलले नव्हते. पण नवे सर, नवी तऱ्हा. सामन्याआधी जुनं माणूस बाजूला काढत असतील, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. विचारायचं तर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी तामाएने संघ सोडत असल्याचं पत्र दोन्ही हातांनी सरांसमोर ठेवलं. खालच्या गटाशी होणाऱ्या सामन्यापर्यंत चेंडू वेचायला थांबेन, असंही त्यात लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं, उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "समजलं. इतकी वर्षं कष्ट घेतलेत."

नेमके तेच शब्द.

आणि मग ती बसायला लागली. संध्याकाळी जेवायला आली, उशी ओढली आणि दाराकडे पाठ करून टेबलाशी बसली. दोन वाडगे भात खाल्ला. मासोळीचा काटा न् काटा सावकाश काढला. संत्रं सोलून खाल्लं, झेललं नाही. मला तिच्याकडे बघवेना. ती शांत झाली असेल असं मी स्वतःला सांगत होते, पण चुलीवरचं भांडं कुणी जागेवरून हलवलं तर हात जसा रिकाम्या जागी जातो, तसं माझं सारखं भिंतीकडे लक्ष जात होतं.

रुरिकोला तर सूप गिळवत नव्हतं. "उराकावाताई, मीठ देता जरा?" एवढं म्हणताना तिला रडू फुटलं.

"मीठ कशाला? एवढी रडते आहेस, तेवढं पुरे," तामाए म्हणाली.

मैदानावर तर सगळंच बिघडलं. तामाए बाजूला उभी राहून चेंडू वेचायची, हात कसे धरायचे ते रुरिकोला खुणेने दाखवायची. मुलींच्या तोंडी सवयीने 'ताको' यायचं, त्या ते अर्ध्यावर गिळायच्या, आणि तेवढ्यात चेंडू खाली पडायचा. सर डोकं खाजवत राहायचे.

९ फेब्रुवारी, शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला सर स्वयंपाकघरात आले. सामन्याच्या दिवसाच्या जेवणाच्या डब्यांचं बोलायला. मी मुळा किसत होते.

"उराकावा येणार का हो त्या दिवशी? की लग्नाच्या गडबडीत असेल?"

"कुणाच्या लग्नाच्या?"

"तिच्याच. लग्न ठरलंय ना तिचं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? इतक्या वर्षांची मुलगी ऐन वेळी संघ सोडते म्हणजे दुसरं काय असणार? मी विचारलं नाही. कसं विचारणार? मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी तिला आत पाठवणार होतो. सामन्यातही तिलाच..."

मी किसणी खाली ठेवली. "सर, त्या दिवशी तुम्ही तिला थाप दिलीत."

"कसली थाप?"

"खांद्यावर. उजव्या. दोनदा."

"हो! म्हणजे ऊठ, अंग मोकळं कर, आता तुला पाठवतो! विद्यापीठात मुलांच्या संघात मी सगळ्यांनाच थोपटायचो. इथे मुली आहेत म्हणून हात आवरून असतो. त्या दिवशी राहवलं नाही."

मग मी त्यांना मार्चचा पहिला रविवार सांगितला. रांग, मिटलेले डोळे, लाल भात, आडनाव. सांगता सांगता त्यांचा चेहरा माझ्या मुळ्यासारखा पांढरा पडत गेला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"आणि तुम्ही सगळ्यांनी बघितलंत? आणि कुणीच काही बोललं नाही?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत, सर?"

ते तसेच दाराकडे धावले. मी म्हटलं, "थांबा. तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल, सामना तोंडावर आला म्हणून दया करताय. मी जाते."

त्या दिवशी गिरणीतून रजा घेऊन तामाए खोलीत होती. वेताची पेटी उघडी, कपडे रांगेने घडी घातलेले, पोस्टमनच्या स्थळाची सगळी पत्रं सुतळीने बांधलेली. माझ्या बरण्यांमागून ती कधी नेली कोण जाणे. मी तिला जसं घडलं तसं सांगितलं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही.

"मावशी, थट्टा करू नका."

"मी कधी केली आहे का?"

ती बसलेली होती ती उठली. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा हसेल. ती भडकली.

"बारा दिवस! बारा दिवस मी रोज उठून स्वतःला सांगतेय की संपलं. आता कुठे पटायला लागलं होतं. आणि ती थाप नव्हतीच? हात सुटला होता?"

"हो गं."

"आणि तुम्हीसुद्धा! तुम्ही बघत होतात ना तिथे किटली घेऊन?"

"बघत होते. मलाही थापच वाटली. चुकलं माझं."

ती खिडकीपाशी गेली, परत आली, पेटीवरून उडी मारून पलीकडे गेली. चवड्यांवर वर-खाली व्हायला लागली होती.

"म्हणजे आता परत वाट बघायची. परत भिंतीला पाठ. मला झोप लागायला लागली होती, मावशी."

"मग जायचं आहे का तुला? पेटी भरलेलीच आहे. मी सरांना काही सांगणार नाही."

तिने पत्रांचा गठ्ठा उचलला, पुन्हा ठेवला. "नाही," ती म्हणाली. "सरांना सांगा, नीट विचार करून माझ्या मागून चालत जावं. द्यायची तर द्यावी. नसेल द्यायची तर नको. चुकून दिलेली मला नको, आणि चुकलो चुकलो म्हणत परत घेतलेलीही नको."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी तीनला, सरांनी मुलींना रांगेत बसायला सांगितलं. का ते कुणाला कळेना, पण बसल्या, डोळे मिटले. तामाए शेवटच्या टोकाला. मी दारात उभी होते. वाऱ्याने छपराचे पत्रे वाजत होते. सर नुसत्या पायमोज्यांवर मागून चालत आले. एकेकीचे खांदे ते जवळ आले की आखडायचे, पुढे गेले की सैल पडायचे. तामाएच्या मागे येऊन ते थांबले.

मला पहिल्यांदाच वाटलं की ते देतीलही. तिचं पत्र त्यांनी स्वीकारलं होतं. रुरिको तरुण होती, उंच होती, आणि तिला पुढे आणणं त्यांचं कामच होतं. ते बराच वेळ उभे राहिले. तामाएचे कान लाल झाले होते. मांडीवरची बोटं धागा सांधावा तशी एकमेकांवर घासत होती. सरांचा उजवा हात थोडा वर आला, तिथेच थबकला. मग त्यांनी तो पाठीमागे नेऊन डाव्या हाताने घट्ट धरला आणि पुढे निघून गेले.

शिट्टी. सगळ्या उठल्या. तामाए सर्वांत शेवटी उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणाली नंतर.

रुरिको तिच्याकडे बघत होती. हाक मारावी की नाही हे तिला कळेना. तामाएच ओरडली, "काय बघतेस? चेंडू दे इकडे!"

"घ्या, ताकोताई!" रुरिको इतक्या जोरात किंचाळली की चेंडू फेकायचाच विसरली.

१८ तारखेचा सामना आम्ही जिंकलो, तीन-दोन. तामाए तिसऱ्या सेटपासून खेळली. शेवटचा चेंडू तिने स्वतःच्या डोक्यामागे, न बघता उचलून दिला. रुरिको तेव्हा बाकावर होती आणि सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. सामना संपल्यावर सर दोन्ही हात पसरून तामाएकडे धावले, एकदम थांबले, आणि त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर दोनदा थापटून घेतलं. मुली हसून हसून लोळल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सेकिने सरांनी थापेची चालच बंद केली. म्हणाले, मी एकेकीला खोलीत बोलावून, समोर बसवून, चहा देऊन नीट बोलेन. झालं! आता तामाएला चहाची धास्ती. कुणी किटली उचलली की ती दाराबाहेर. सर तिला बोलवायचेच नाहीत. त्या फेब्रुवारीनंतर त्यांना तिच्याशी त्या विषयावर बोलायचा धीर होईना. एक मोसम गेला, दुसरा गेला. खांदा जायबंदी झाला. हात कानाच्या वर जाताना ती ओठ चावायची. रुरिको तिच्याहून चांगली खेळायला लागली होती, हे तामाएला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. बाकावरून ती रुरिकोचा प्रत्येक चेंडू स्वतःच्या बोटांनी हवेत उचलायची. तिला कुणी थांबवत नव्हतं आणि तिचं तिला थांबता येत नव्हतं. तो तिसरा हिवाळा ती स्वयंपाकघरात नुसती येरझारा घालायची.

"विचार की सरांना सरळ," मी एकदा म्हणाले.

"विचारलं. 'तुझी मर्जी,' म्हणाले. माझी मर्जी काय आहे ते मला माहीत असतं तर विचारायला गेले असते का?"

पुढे ती ओगाकीतच राहिली. गिरणीच्या कचेरीत काम केलं. एका मालमोटार चालवणाऱ्या शांत माणसाशी लग्न केलं. शाळेच्या मैदानावर आयांचा संघ उभा केला. वीस वर्षं त्या बायकांना लोळण घ्यायला लावून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मागच्या हिवाळ्यात मला भेटायला आली तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती आणि दाराशी उभी राहून संत्रं खात होती.

पण ७ मार्च १९७६ चा रविवार राहिलाच.

मी तांदूळ धूत होते. दुपारचे दोन वाजले असतील. तामाए आत आली. माझ्याशी न बोलता स्वयंपाकघराच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, गुडघे मुडपून बसली.

"काय गं?"

"डोळे मिटलेत मी, मावशी."

मला कळलं. हातातून तांदूळ ओघळले. "अगं, मी का तुझी सर आहे? मला खेळातलं काय कळतं?"

"पंधरा वर्षं मी काय खाल्लं, किती खाल्लं, कशी उभी राहिले, हे तुमच्याइतकं कुणी बघितलंय? तुम्हाला थाप ओळखू आली नाही ती एकदाच. दुसऱ्यांदा नाही चुकणार तुम्ही."

"आणि मी नाही दिली तर?"

"तर आणखी एक मोसम खेळेन. खांदा तुटेपर्यंत."

मी तिच्या मागे उभी राहिले. तिच्या सदऱ्याच्या गळ्यातून मोहरीच्या लेपाचा पिवळा डाग दिसत होता, घाईत नीट पुसलेला नव्हता. मी मळकट एप्रनला हात पुसले. तरी ओलेच राहिले.

एकदा. दोनदा.

"इतकी वर्षं कष्ट घेतलेत," मी म्हणाले. "उराकावा."

तिची पाठ सरळ होती. मग तिने नाक ओढलं.

"मावशी, लाल भात?"

"आता गं! मला काय ठाऊक? चवळी शिजवायचीय अजून, भात घालायचाय. दोन तास तरी जातील."

"जाऊ देत," तामाए म्हणाली. "मी बसलेय."